घट्ट केल्याची टिकली

आमच्या सोसायटीतल्या फोरमनकाकांच्या शर्टाच्या खिशात कायम लाल नेलपॉलिशची बाटली असायची. सत्तरी ओलांडलेला आडव्या बांध्याचा माणूस, पांढऱ्या झुपकेदार मिशा, आणि खिशात ही बाटली. सोसायटीत नवं कुणी राहायला आलं की पहिले दोन-चार दिवस त्यांच्याकडे जरा चमकून बघायचं. मग एखाद्या रविवारी काका कंपाउंडमध्ये कुणाच्या तरी गाडीच्या चाकाशी उकिडवे बसलेले दिसायचे आणि उलगडा व्हायचा. नट पुरता घट्ट झाला की काका बाटली उघडून त्याच्या डोक्यावर इवल्याशा ब्रशने एक लाल ठिपका ठेवायचे. त्याला ते टिकली म्हणत. टिकली आहे म्हणजे हा नट झाला, त्याच्याबद्दल आता शंका आणायची नाही.

त्यांचं आडनाव सावंत, गाव कणकवलीजवळचं. पण मुलुंड पूर्वेच्या आमच्या तीनमजली इमारतीत त्यांना आडनावाने ओळखणारा पोस्टमन एकटाच. बसच्या डेपोत वर्कशॉपचे फोरमन म्हणून ते निवृत्त झाले, आणि फोरमनच राहिले. डेपोत घट्ट केलेल्या नटावर पिवळ्या रंगाची खूण करायची पद्धत होती. निवृत्तीनंतर एवढ्याशा कामाला रंगाचा डबा कुठून आणायचा, म्हणून त्यांनी काकूंच्या ड्रेसिंग टेबलावर डल्ला मारला. काकूंना दुसरी कसली हौस नव्हती, पायांची नखं तेवढी लाल हवीत. त्यामुळे अधूनमधून दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून "माझी बाटली आधी जागेवर ठेवा" असा पुकारा व्हायचा आणि काका ऐकू न आल्यासारखं करायचे. काकू गेल्या तेव्हा कपाटात एकाच रंगाच्या नऊ बाटल्या निघाल्या. नवऱ्याच्या चोऱ्या गृहीत धरून त्या माउलीने साठाच करून ठेवला होता. काकांनी तेव्हा त्यातली एकही कुणाला दिली नाही.

माझी त्यांच्याशी ओळख वाढली ती एका कागदामुळे. मी घाटकोपरच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. माझी मुलगी सई तीन वर्षांची असताना आम्ही एक जुनी गाडी घेतली, आणि पहिल्याच सर्व्हिसिंगला कंपनीच्या सेंटरने हातात भली मोठी यादी ठेवली. हे बदलावं लागेल, ते साफ करावं लागेल, आत्ता केलं नाही तर पुढे आम्ही जबाबदार नाही. निलेशचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं म्हणणं, देऊन टाक ना, डोक्याला ताप नको. मी यादी घेऊन जिन्यात घुटमळत होते. काकांनी ती मागून घेतली, आणि मी मुलांचे पेपर तपासते तशी ओळ न् ओळ तपासली. मग म्हणाले, "टीचर, ह्यातलं निम्मं तू स्वतः करशील. रविवारी जुना ड्रेस घालून खाली ये." मी गेले, आणि पुढची सात वर्षं जात राहिले.

काका कंपनीच्या विरोधात आहेत असं बरेच जण समजत. ते खरं नव्हतं. त्यांनी कामांचे सरळ तीन वाटे पाडले होते, आपलं, गल्लीतलं आणि कंपनीचं. ऑइल, फिल्टर, बॅटरी, टायरची अदलाबदल हे आपलं. पंक्चर किंवा पत्र्याला आलेला पोचा गल्लीतलं. एअरबॅग, गाडीतला कॉम्प्युटर आणि वॉरंटीत बसणारं सगळं कंपनीचं, तिथे उगाच हात घालणाऱ्याला ते फैलावर घेत. एखादं काम कुठल्या वाट्यात टाकावं असा घोळ झाला की विचारायचे, चूक झाली तर काय होईल? "गाडी सुरू झाली नाही तर आपण घरी बसू, चहा पिऊ. गाडी थांबली नाही तर दुसरा कुणीतरी घरी पोचणार नाही. तिथे आपली हौस नको." ब्रेकचं काम ते स्वतः करत, कारण उभी हयात त्यांनी बसचे ब्रेक केले होते. मला मात्र ब्रेक नुसते बघायची परवानगी होती.

कंपनीबद्दल त्यांची एक तक्रार होती आणि तिचा कामाशी संबंध नव्हता. "तिकडे गाडी आत जाते आणि आपण काचेबाहेर कॉफी पीत बसतो. आपलीच गाडी, आणि आपणच व्हिजिटर." आपल्या गाडीत काय बिघडलं होतं हे मालकाला कळलंच पाहिजे, असा त्यांचा कटाक्ष. काढलेला जुना भाग ते आधी मालकाच्या नाकाखाली धरायचे. तळमजल्यावरच्या जोशीबाईंना एकदा त्यांनी ऐन जेवणाच्या वेळी काळाकुट्ट एअर फिल्टर दाखवायला नेला. बाईंनी आठवडाभर त्यांच्याशी अबोला धरला होता.

गाडीत बसले की काका पहिल्यांदा रेडिओ बंद करायचे. गाडी बोलते, तिचं ऐकायचं की गाण्यांचं, असा त्यांचा सवाल. मग डोळे मिटून बसत आणि भांडुप यायच्या आत सांगत की पुढच्या उजव्या चाकाचं बेअरिंग कुरकुरतंय. सईला ह्याचा भयंकर राग यायचा. तिला गाणी हवी असत. शेवटी आजोबा आणि नातीत तह झाला की पोचल्यावर, इंजिन बंद करून, एक गाणं पूर्ण ऐकायचं. घाटकोपरच्या भर बाजारात आम्ही तिघं बंद गाडीत बसून गाणं संपायची वाट बघत असू, आणि मागचे हॉर्न वाजवत.

शिकवायची त्यांची तऱ्हा माझ्यापेक्षा चांगली होती, हे मी शिक्षिका असून कबूल करते. खाली वर्तमानपत्र पसरायचं आणि निघालेला प्रत्येक स्क्रू त्यावर निघाल्या क्रमाने मांडायचा. लावताना शेवटून सुरुवात करायची, म्हणजे कुणी उपाशी राहत नाही, असं ते त्या पंगतीकडे बघून म्हणत. तरफ हा धडा मी सातवीला वर्षानुवर्षं शिकवत होते. पण लांब पान्याच्या अगदी टोकाला धरून जोर दिला आणि अडून बसलेला नट कुर्रकन सुटला, तेव्हा तो धडा मला पस्तिशीत पहिल्यांदा कळला. मी त्या दिवशी उगाच हसत सुटले होते. काम संपल्यावर काका गाडीभोवती एक फेरी मारत, चाकाचाकाशी वाकून टिकल्या बघत आणि विचारत, "चारही?" मी म्हणायचं, "चारही." एवढं झाल्याशिवाय गाडी कंपाउंडच्या बाहेर पडत नसे.

काकू गेल्यावर महिनाभर ते खालीच उतरले नाहीत. मग एका रविवारी गुळगुळीत दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून आले. खिशात नवी बाटली होती. पुढे माझ्या लक्षात आलं की आठवड्यातून तेवढ्या एकाच दिवशी ते दाढी करतात. रविवारची सकाळ आणि आमच्या गाड्या, एवढंच त्यांच्याकडे उरलं होतं.

सई आठ वर्षांची असतानाची गोष्ट. त्या रविवारी टायरची अदलाबदल होती, पुढचे मागे आणि मागचे पुढे. तीन चाकं माझी लावून झाली. चौथं, मागचं डावं, जॅकवरच होतं. तेवढ्यात सईने वरून हाक मारली. ऐरोलीला माझ्या आईकडे जेवायला जायचं होतं आणि बाईसाहेबांना एकच मोजा सापडत होता. काका म्हणाले, तू जा, एवढं मी करतो. मी खाली आले तेव्हा गाडी जमिनीवर होती, जॅक डिकीत गेला होता आणि काका फडक्याने हात पुसत होते. चौथ्या चाकाच्या चारही नटांवर ओल्या टिकल्या चमकत होत्या. काका म्हणाले, "झालं." नेहमीचा प्रश्न त्यांनी त्या दिवशी विचारला नाही, हे माझ्या फार उशिरा ध्यानात आलं.

ऐरोलीच्या पुलावर मागून आवाज यायला लागला. आधी बारीक खटखट, मग स्टिअरिंगपर्यंत जाणवणारी. रेडिओ बंद होता, तशी सवयच लागली होती, म्हणून तो आवाज ऐकू आला. मी गाडी बाजूला घेतली, सईला कठड्याजवळ उभं केलं आणि मागच्या डाव्या चाकाशी बसले. नट बोटांनी फिरत होते. चारही. आणि चारहींवर टिकली होती. डिकीत काकांनीच हट्टाने ठेवायला लावलेला लांब पाना होता. मी त्यावर पाय देऊन नट घट्ट केले, पुन्हा पुन्हा केले, आणि तिथेच खाली बसून राहिले. सईने विचारलं, हे फोरमन आजोबांनी केलं होतं ना? मी म्हटलं, हो, पण रस्ता खराब आहे ना, त्याने होतं असं.

संध्याकाळी काकांचा फोन आला. जिन्यातून हाक मारणारा माणूस, फोन कधी करत नसे. नीट पोचलीस ना, गाडी कशी चालली, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, एकदम मस्त. बरं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

खरा पेच पुढे होता. ब्रेक पॅड झिजले होते, आणि पुढच्या महिन्यात आपण ते बदलू असं काकांनी आधीच सांगून ठेवलं होतं. त्यांच्याच हिशेबाने गेलं तर हे काम आता त्यांच्या हातात देता येत नव्हतं. पण हे सांगायचं कुणी? सांगितलं तर त्यांचा रविवार मी काढून घेणार. नाही सांगितलं तर ते उद्या दुसऱ्या कुणाच्या चाकाशी बसणार. मला लाज वाटते, पण त्या दुसऱ्यांचा विचार मी मुद्दाम लांब ठेवला. त्यात काका गुडघा दुखतोय म्हणून दोन-तीन रविवार खाली आले नाहीत, आणि मी सुटकेचा निःश्वास टाकला. एका शनिवारी, शाळेत स्पर्धा आहेत अशी थाप मारून, मी गाडी कंपनीत नेली.

तिथे माझी वाट लागली. काम चोख होतं. टाय लावलेल्या मुलीने कुठे किती झीज आहे ते फोटो काढून दाखवलं आणि नको ते काहीही गळ्यात मारलं नाही. मी काचेबाहेर कॉफी घेऊन बसले, व्हिजिटर. आत एक मेकॅनिक माझ्या गाडीचं चाक चढवत होता. गाडी खाली घेऊन त्याने एक लांब पाना लावला, तो ठरावीक जोर आला की टक असा आवाज करायचा. चारही नटांचे टक झाले. मग त्याने खिशातून पांढरं मार्कर काढलं आणि प्रत्येक नटावर एकेक ठिपका दिला, काकांच्या पुसट झालेल्या लाल टिकलीच्या अगदी शेजारी. माझे डोळे भरून आले. कॉफी गार झाली आणि मी ती तशीच ठेवून दिली.

परत आले तेव्हा काका गेटपाशी स्टूल टाकून बसले होते. गाडी शेजारून जाताना त्यांची नजर खाली चाकांकडे गेली. मी उतरले तसं त्यांनी विचारलं, "शाळेत आता चाकांना खडू लावतात काय गो, टीचर?" मी मान खाली घातली. मग ते हळूच म्हणाले, "मागचं डावं ना?"

मी हो म्हटलं. त्यांनी विचारलं, सई होती गाडीत? मी म्हटलं, होती. काकांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि कितीतरी वेळ त्या हातांकडेच बघत राहिले. एरवी आमच्यासारखंच मुंबईचं बोलणारा हा माणूस मनाला लागलं की मालवणीत शिरायचा. "माका कित्याक नाय सांगलंस?"

मी जे होतं ते सांगितलं, की तुमचा रविवार मोडायला माझी जीभ उचलली नाही. काकांनी मान हलवली. मग त्यांनी त्यांचं सांगितलं. चाक जॅकवर असताना नट नुसते टेकवायचे, गाडी खाली घ्यायची, पुन्हा बसून पुरते घट्ट करायचे आणि मग टिकली, हा क्रम. म्हणजे दोनदा बसायचं, दोनदा उठायचं. "गुडघे नाही म्हणाले. म्हटलं, बसलोच आहे तर टिकल्या आधीच लावून घेतो, गाडी खाली घेतल्यावर घट्ट करायला नुसतं वाकलं तरी चालेल. मग जॅक काढला, टिकल्या बघितल्या आणि वाटलं, झालंच की." त्या संध्याकाळचा फोन त्यासाठीच होता. हाताला पान्याचा शेवटचा जोर आठवत नव्हता. "तू मस्त म्हणालीस आणि मी मानून घेतलं. मला मानायचंच होतं ते." गुडघ्याचं कारण सांगून तीन रविवार घरात बसलेला माणूस खरं तर स्वतःच्या हातांना घाबरून बसला होता, आणि मी सुटले म्हणून खूश होते.

त्यानंतर त्यांनी जे केलं त्यासाठी मी त्यांना जन्मभर मानेन. ते उठले, मला पाना घ्यायला लावला आणि गेल्या काही महिन्यांत ज्यांच्या गाडीला हात लावला होता त्या प्रत्येकाच्या दारात गेले. कुठेही आडपडदा नाही. माझ्या हातून टीचरच्या गाडीचे नट सैल राहिले, पोरगी गाडीत होती, तुमची गाडी तपासायला आलोय. सात गाड्या निघाल्या. पाना मी लावत होते, काका शेजारी उभे. सातही गाड्यांचा एकूण एक नट घट्ट होता, पण त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण काही गेला नाही. जोशीबाईंनी ऐकून घेतलं, आत गेल्या आणि चहाचा कप त्यांच्या हातात देऊन म्हणाल्या, बसा फोरमन, तुम्ही आला नसतात तर आम्हाला कळलंही नसतं.

वर जाताना त्यांनी खिशातली बाटली काढून माझ्या हातात दिली. "डोकं अजून आपल्या वाट्यातलं आहे. हात मात्र ह्यापुढे तुझे." त्या दिवसानंतर त्यांनी कुठल्याही गाडीला पाना लावला नाही. पुढच्या रविवारी मात्र दाढी करून, स्टूल घेऊन हजर होते. मी खाली बसायची आणि ते वरून, हळू, आधी समोरासमोरचे दोन, मग बाकीचे दोन, असं सांगायचे. ब्रेक कंपनीच्या वाट्यात गेले. एकदा ते माझ्याबरोबर तिकडे आले आणि गोड बोलून काचेच्या आत शिरले. त्या मेकॅनिकचा टक करणारा पाना त्यांनी लहान मूल खेळणं हाताळतं तसा हाताळला, आणि घरी येईपर्यंत त्याच्याचबद्दल बोलत होते.

अशी दोन वर्षं गेली. मग सोसायटी पुनर्विकासाला गेली, घरं रिकामी करायची वेळ आली, आणि काकांच्या मुलाने त्यांना पुण्याला न्यायचं ठरवलं. तो टॅक्सी करणार होता. काका म्हणाले, टीचर सोडेल मला. तिथे ते जेमतेम पाच महिने राहिले. मुलाचा फोन आला तेव्हा मी वर्गात होते, आणि पुढचा तास मी काय शिकवलं ते मला आजही सांगता येणार नाही. काकूंच्या साठ्यातली शेवटची बाटली अजून माझ्या पर्समध्ये आहे. वाळत आली की दोन थेंब थिनर घालते. आणि टिकली दिसत असली तरी मी पाना लावून बघते.

पण आठवतो तो निघायचा दिवस. सामान डिकीत गेलं, जोशीबाईंनी डबा दिला, सई मागे जाऊन बसली. काका काठी टेकत आले. मला वाटलं आता त्यांची फेरी होणार, म्हणून मी बाजूला झाले. त्यांनी चाकांकडे पाहिलंही नाही. दाराशी थांबून विचारलं, "चारही?"

"चारही," मी म्हटलं.

ते आत बसले. मी गाडी सुरू केली आणि सवयीने रेडिओ बंद करायला हात पुढे केला, तर त्यांनी माझा हात धरला. "असू दे गो. आज वाजू दे." सईने मागून वाकून तिचं आवडतं गाणं लावलं आणि आवाज नको तितका मोठा केला. ऐरोलीचा पूल आला. माझे कान सवयीने मागच्या डाव्या चाकाकडे लागले होते. काका डोळे मिटून बसले होते, आणि त्यांची बोटं गुडघ्यावर गाण्याचा ठेका धरत होती.